उरलेले बारा राउंड

गोल्फमध्ये हँडिकॅप जितका कमी तितका खेळाडू बरा. तो चौदा-पंधरावर आला की माणूस माझ्याकडे येतो. अठ्ठावीसवाला येत नाही. बॉल हवेत गेला यातच त्याचा रविवार साजरा होतो आणि मामाने दिलेला जुना सेट त्याला पुरतो. पाचवालाही क्वचितच येतो, आणि आला तर काय हवं ते ठरवूनच. मी फक्त तो सांगेल तितके अंश लोखंड वाकवायचं. मधला माणूस मात्र गाडीतून बॅग काढतो आणि ती भिंतीला टेकवायच्या आतच विचारतो, "आता कुठली आयर्न्स घेऊ?" गेल्या वर्षी तो विसावर होता. मधल्या काळात त्याने प्रोकडे शिकवणी लावली, पहाटे उठायची सवय केली, पोट थोडं कमी केलं आणि एका सकाळी ब्याऐंशी मारले. ते ब्याऐंशी घरच्यांना, ऑफिसात आणि सोसायटीच्या ग्रुपवर कळवून झालेत. आपण पुढे आलो आणि क्लब मागे राहिले, असं आता त्याच्या मनाने घेतलंय. कधीकधी ते खरंही असतं.

माझं काम गोल्फचे क्लब दुरुस्त करण्याचं आणि माणसाच्या मापाला बसवून देण्याचं. खडकवासला गावात, सिंहगड रस्त्यापासून थोडं आत, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते चालतं. एका खोलीत जाळी आणि कॅमेऱ्यावर चालणारं मोजणीचं यंत्र. दुसरीत व्हाइस, लॉफ्ट-लाय वाकवायचं मशीन, स्विंगवेटचा काटा, इपॉक्सीच्या ट्यूबा आणि ग्रिपांचे खोके. वडील एनडीएच्या मैदानावर कॅडी होते. शाळेच्या सुट्टीत मीही बॅगा उचलल्या. ग्रिप बदलायला तिथल्याच एका जुन्या माणसाकडून शिकलो. ब्लेडने जुनं रबर फाडायचं, दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळायची, त्यावर पेट्रोल ओतायचं आणि नवी ग्रिप एका दमात सरकवायची. मध्ये थांबलात तर ती तिथेच बसते. पुढे काही वर्षं शहरातल्या एका गोल्फच्या दुकानात नोकरी केली. तिथे सेट खोक्यात यायचे आणि खोक्यातच जायचे. गिऱ्हाईक साडेपाच फुटाचं असो की सव्वासहा, मालकाचा पहिला प्रश्न एकच: बजेट काय? आता मीच मालक आहे, तर तो प्रश्न शेवटी विचारतो. विचारतो मात्र.

गिऱ्हाईक चारी दिशांनी येतं. एनडीएतले आणि गिरीनगरचे लोक जवळचे. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावरचे लांबून येतात, लवळ्याच्या डोंगरातल्या ऑक्सफर्डवर खेळणारे त्याहून लांबून. रविवारी धरणाकाठच्या चौपाटीवर गर्दी असते, म्हणून त्या दिवशी मी कुणालाच बोलावत नाही. तासभर गाडीत घाम गाळून आलेल्या माणसाचा स्विंग मोजण्यात अर्थ नसतो.

चाचणीसाठी ठेवलेल्या प्रत्येक सात नंबरच्या क्लबच्या तळावर आणि पाठीवर मी काळी टेप मारून ठेवतो. कंपनी दिसत नाही, नंबर दिसत नाही. हे बऱ्याच जणांना आवडत नाही. दोन महिने व्हिडिओ बघून आलेल्या माणसाला नाव न बघता मारायला सांगणं म्हणजे त्याचा अभ्यास वाया घालवणंच. पण नंबर झाकण्यामागे कारण आहे. "तू सात नंबर किती मारतोस?" या एका प्रश्नावर क्लबहाउसमध्ये जितक्या पैजा लागतात तितक्या कशावरच लागत नसतील. आणि तो नंबर आता काहीच सांगत नाही. १९८०च्या दशकात सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा कल, ३५ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या लांब मारून देणाऱ्या सेटांत तो २८-२९ अंश असतो, काहींत त्याहूनही कमी. शाफ्टही अर्धा इंच वाढलेला. तळावर सात कोरलेलं असलं तरी वडिलांच्या काळात त्याच क्लबला पाच नंबर म्हणत. कंपन्या हे लपवत नाहीत. लॉफ्टचे तक्ते त्यांच्याच कॅटलॉगमध्ये छापलेले असतात. वाचत कुणी नाही.

यात नुसती लबाडीच आहे असंही नाही. नव्या आयर्न्समध्ये वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, तोंडाचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे बॉल आपोआप उंच उठतो. लॉफ्ट जुनाच ठेवला असता तर बॉल नुसता वर गेला असता. पण उंची परत मिळाली तरी फिरकी तितकी मिळत नाही, आणि ग्रीनवर बॉल थांबवायचा तर तो किती उभा उतरतो आणि उलटा किती फिरतो यावरच सगळं असतं. सात नंबरचा बॉल ४५ अंशांपेक्षा चपटा उतरायला लागला की मी गिऱ्हाईकाला सांगतो, हा क्लब तुम्हाला एप्रिल-मेमध्ये रडवणार. उन्हाळ्यात ग्रीन कडक असतात. १६५ यार्ड गेलेला बॉल १६५ला पडतो आणि मागच्या उतारावरच्या गवतात जाऊन थांबतो. यंत्राच्या पडद्यावर मात्र मोठा आकडा दिसतो, आणि खिशातून पाकीट तो आकडाच काढतो.

दुसरी गोम सेटच्या खालच्या टोकाला. सात नंबर कडक केला, म्हणजे त्याचा लॉफ्ट कमी केला, की पिचिंग वेजही कडक होते. पूर्वी ती ४८ अंशांच्या आसपास असायची, आता ४३-४४. सँड वेज मात्र अजून ५६चीच. मध्ये बारा अंशांची दरी पडली. ती भरायला एक-दोन वेज जादा घ्याव्या लागतात, आणि बॅगेत क्लब तर चौदाच चालतात. म्हणजे नंबर बदलून वरचं गणित खूश केलं आणि खालच्या गणितासाठी पुन्हा दुकानात यायचं. माझा धंदा वाढतो, माझी तक्रार नाही.

या सगळ्यात मला नीट विचार करायला लावला तो इथल्याच एका गिऱ्हाईकाने. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आमच्या गावाच्या कुशीत आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली ही संस्था, आणि मोठमोठ्या शेडमध्ये देशभरातल्या धरणांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडायचं हे तिथलं काम. हे सर तिथून निवृत्त झालेले, आयुष्य सांडव्यांच्या मॉडेलांवर गेलेलं. गोल्फ उशिरा सुरू केलं, पण नेटाने. हँडिकॅप अठरावरून चौदावर आणलेला. त्यांच्या मनात एक सुंदर, सडपातळ फोर्ज्ड सेट भरला होता.

मी नेहमीसारखा टेप मारलेले क्लब एकेक करून दिले. त्यांचा जुना, एक बारीक तोंडाचा, एक पोकळ आणि लांब मारणारा, एक मधला. यंत्र प्रत्येक क्लबची सरासरी काढून देतं. सर चष्मा काढून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही सरासरी बाजूला करा. मला सगळे फटके दाखवा. हुकलेलेसुद्धा. तुमचं यंत्र ते गाळतंय."

खरंच गाळत होतं. बहुतेक यंत्रांत तशी सोय असते, आणि विकणाऱ्याला ती सोयीची असते. मी गाळणी बंद केली. सरांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला आणि प्रत्येक फटका कुठे पडला त्याचा ठिपका मांडायला सुरुवात केली, प्रत्येक क्लबला वेगळ्या रंगाचं पेन. पोकळ क्लबचा एक ठिपका सगळ्यात पुढे होता, बाकीचे पुढे-मागे लांबच लांब पसरलेले. काही बॉल फिरकी न घेता गरम सुटले होते, काही अर्ध्यातच पडले होते. बारीक तोंडाच्या क्लबचे चांगले ठिपके एका मुठीत मावतील असे होते, पण टोकाला लागलेले बॉल पंधरा-वीस यार्ड मागे, म्हणजे खऱ्या मैदानावर ग्रीनसमोरच्या बंकरमध्ये. मधल्या क्लबचा सर्वात लांब ठिपका कुणाच्या नजरेत भरावा असा नव्हता. त्याचा सर्वात वाईट ठिपका मात्र इतरांच्या वाईटापेक्षा बराच बरा होता.

सर कागदाकडे बघत म्हणाले, "धरणाचा सांडवा काही सरासरी पावसाचा हिशोब करून बांधत नाहीत."

खडकवासल्याच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने आमचं धरणही गेलं, हे आजीच्या तोंडून ऐकतच आम्ही मोठे झालो. तरी गोल्फच्या बाबतीत हा विचार माझ्या डोक्यात इतका स्वच्छ कधी उतरला नव्हता. २०२०पासून जगभर जी हँडिकॅपची पद्धत लागू झाली, तिच्यात शेवटच्या वीस राउंडमधल्या सर्वोत्तम आठांचाच हिशोब होतो. म्हणजे 'मी चौदा आहे' असं जो म्हणतो, तो आपल्या बऱ्या दिवसांविषयी बोलत असतो. उरलेले बारा राउंड त्या आकड्यात नसतात. पण खेळतो तर तो तेही, त्याच क्लबांनी. दुकानात येतो तेव्हा आठवतो तो त्या आठांतला माणूस, आणि त्याच माणसासाठी तो सेट निवडू बघतो. मी आता बारांतल्या माणसासाठी निवडतो. तो माणूस थकलेला असतो, त्याची पाठ धरलेली असते, काल रात्री पाहुणे आलेले असतात, आणि त्याचा बॉल तोंडाच्या मध्यावर सहसा लागत नाही.

सुधारणा म्हणजे काय, याचंही माझं मत त्यानंतर पक्कं झालं. विसावरून चौदावर आलेल्या माणसाचे चांगले फटके फारसे बदललेले नसतात. तो विसावर असतानाही महिन्यातून एकदा तसाच देखणा सात नंबर मारायचा. बदललेले असतात ते वाईट फटके. बॉल पूर्वी नाल्यात जायचा, आता रफमध्ये जातो. मग पुढच्या पायरीसाठी क्लब शोधायचा तर त्याच वाटेने शोधावा. 'मी लवकरच दहावर येणार, तेव्हाचा विचार करून घेतो' असं म्हणून बारीक तोंडाचा सेट नेणारे लोक असतात. त्यांना मी अडवत नाही, पण दहावर यायचा रस्ता या चौदातूनच जातो आणि तोवर काही मोसम खेळायचंय, एवढं बोलून दाखवतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांना हे सगळं सांगितलं तर ते हसतात. त्यांना ब्लेड, म्हणजे बारीक तोंडाची आयर्न्सच हवीत. "देखने में अच्छा लगना चाहिए, बाकी मैं सम्हाल लूंगा." मी त्यांना खोटं पाडू शकत नाही. खाली बघितल्यावर क्लबचं तोंड फावड्यासारखं दिसलं तर हात आखडतात, हे मी लोकांच्या मनगटात पाहिलंय. शाफ्टपासून तोंड थोडं मागे ओढलेलं असलं, म्हणजे ज्याला ऑफसेट म्हणतात ते जास्त असलं, की काही खेळाडू उगाच डावीकडे ओढतात. दिसण्याला किंमत आहे. पण ती किती मोजायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९५९मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला, आणि पुढे वजन कडेला पसरवायची तीच कल्पना आयर्न्समध्ये आणली, तेव्हाही दिसण्यावरूनच नाकं मुरडली गेली. पटरच्या आवाजावरून कंपनीचं नाव पिंग पडलं. १९८२मध्ये आलेली त्यांची आय टू आयर्न्स आजही कुणाच्या तरी माळ्यावरून निघून माझ्याकडे येतात, नवी ग्रिप मागत. ती दिसायला तेव्हाही गोड नव्हती. कडेला वजन असल्यामुळे बॉल टोकाला लागला तरी क्लब हातात कमी वळतो, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते अजून खरं आहे.

फोर्ज्ड की कास्ट, म्हणजे ठोकून घडवलेलं की ओतीव, यावर तर घरं फुटतात. मिझुनोची फोर्ज्ड आयर्न्स जपानात हिरोशिमाला घडवली जातात, त्यांचा स्पर्श लोण्यासारखा म्हणून लोक डोळे मिटून सांगतात. त्यातला बराचसा स्पर्श कानाने होतो, असं मला वाटतं. कापूस घालून मारायला लावलं की ठामपणे सांगणारे थोडेच उरतात. माझ्या दृष्टीने फोर्ज्डचा मोठा गुण वेगळाच आहे: ते वाकतं. मऊ पोलाद मशीनवर धरून दोन अंश इकडे किंवा तिकडे सहज नेता येतं. कास्ट स्टेनलेसच्या काही जाती अशा ताठ असतात की जोर लावताना मी श्वास रोखून धरतो, आणि मोडला तर काय हे गिऱ्हाईकाकडून आधीच कबूल करून घेतो.

हे वाकवणं किती कामाचं, ते वारज्याच्या एका डॉक्टर मॅडमच्या सेटवर दिसलं. उंची पाच फूट एक. एका दुकानात त्यांना 'लेडीज सेट' दाखवला होता. तो त्यांनी नाकारला ते बरंच झालं, कारण त्यांचा स्विंग माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पुरुषांपेक्षा वेगवान आहे. त्या मऊ, लवचिक शाफ्टने बॉल कुठेही गेला असता. म्हणून त्यांनी नवऱ्याचा जुना सेट वापरायला घेतला. आणि आता सगळे बॉल डावीकडे जातात, म्हणून नवा घ्यायला आल्या होत्या. मी बॉलवर मार्करने एक उभी रेघ मारली आणि ती रेघ क्लबकडे करून बॉल ठेवला. मारल्यावर रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. ठसा उभा आला तर लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, बरोबर, तिरका आला तर नाही. यासाठी महागडं काही लागत नाही. शाळेच्या दप्तरातला मार्कर पुरतो. मॅडमचा ठसा चांगलाच कलला होता. क्लब त्यांच्या उंचीला फार उभा पडत होता, त्यामुळे टोक हवेत आणि तोंडाचा रोख डावीकडे. दीडशे यार्डांवर एका अंशाने दोन-तीन यार्डांचा फरक पडतो असा माझा ढोबळ हिशोब आहे, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका तो वाढतो. वेजवर सगळ्यात जास्त. सेट फोर्ज्ड होता. मी सगळे क्लब दोन अंश चपटे केले, अर्धा इंच कापले, कापल्यामुळे हलकं झालेलं डोकं शिशाच्या पट्टीने जड केलं. मॅडम नवा सेट न घेताच गेल्या. ग्रिपांचे पैसे मात्र मी सोडले नाहीत.

बाजारातला तयार सेट कुणासाठी बनवलेला असतो? अमेरिकेतल्या मध्यम उंचीच्या पुरुषासाठी. त्याची उंची, त्याची तळहाताची रुंदी, त्याचा स्विंग. आपल्याकडे लोक सदऱ्याचं माप द्यायला शिंप्याकडे जातात आणि लाखभराची आयर्न्स न मोजता घेतात.

शाफ्टबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागलो की संध्याकाळ होते. 'स्टिफ' आणि 'रेग्युलर' या शिक्क्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ निघतो. म्हणून मी आधी वजन बघतो. स्टीलचे शाफ्ट हलके-जड अशा अनेक वजनांत मिळतात, ग्रॅफाइटचे बहुतेक त्याहून बरेच हलके. पन्नाशीपुढच्या माणसाने जड शाफ्ट घेतला तर चौदाव्या होलपर्यंत तो ठीक असतो. पुढच्या चार होलांत खांदा पडतो आणि बॉल उजवीकडे जायला लागतो. कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट घ्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला त्या पावसाळ्यात, पुण्याचा मुलगा म्हणून सगळ्यांनाच ऊर भरून आला होता, आणि त्याच्या बॅगेत काय आहे हे विचारत लोक माझ्याकडे आले. त्याच्या बॅगेत काय का असेना, तो बॉल ज्या वेगाने मारतो तो वेग तुमच्या-माझ्याकडे नाही, हे सांगण्यात मला तरी काही अपमान वाटत नाही.

या सगळ्याहून मोठी गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी विचारातच घेत नाही: जमीन. आयर्न्सची परीक्षणं परदेशातल्या मऊ, बारमाही हिरव्या गवतावर झालेली असतात. आमच्याकडे जून उजाडला की सिंहगडाच्या अंगाने ढग उतरतात आणि सप्टेंबरपर्यंत फेअरवे पाणी पीत असतो. बॉलआधी जमिनीला लागलेला क्लब तिथे फाळासारखा रुततो. त्या दिवसांत रुंद तळाचा क्लब देवासारखा धावून येतो. रुतत नाही, सरकतो. तोच क्लब मेमध्ये घेऊन जा. गवत उडालेलं, खालचा मुरूम वर आलेला, जमीन फरशीइतकी कडक. आता तो रुंद तळ जमिनीवर आपटून उसळतो आणि क्लबची धार बॉलच्या पोटावर बसते. बॉल सापासारखा सरपटत जातो. अरुंद तळ कडक जमिनीवर नेमका बॉलखाली शिरतो आणि पावसाळ्यात कुदळीचं काम करतो. दोन्ही ऋतूंत शंभर टक्के चालेल असा तळ मला अजून सापडला नाही. मधल्या रुंदीचा, पुढची धार थोडी गोलसर घासलेला घ्यावा, इतपत मी सांगतो. जो पावसाळ्यात क्लब माळ्यावर टाकतो त्याने अरुंद घ्यायला हरकत नाही. आणि जो चिखलातही जातो, त्याने थोडा रुंद घ्यावा.

गंमत अशी, की नवे सेट घेतले जातात दिवाळीला. हातात बोनस असतो आणि तेव्हा मैदान वर्षातलं सर्वात गुणी असतं. पाऊस संपलेला, गवत भरलेलं, जमीन ना ओली ना कडक. त्या पंधरवड्यात कुठलाही क्लब छान लागतो. खोलीतल्या मॅटवर तर त्याहून छान, कारण मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी घसरून बॉलला लागतो आणि यंत्र बिचारं चांगला फटका म्हणून नोंद करतं. म्हणून मी जाळीत ठरलेला क्लब गिऱ्हाईकाला मैदानावर घेऊन जायला देतो, अनामत ठेवून. जाताना सांगतो, सपाट जागा शोधू नका. उतारावर ठेवा, रफमध्ये ठेवा, जिथे गवत नाही तिथे ठेवा. लवळ्याला खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तिथे पाय समपातळीत कधी नसतातच. मुंबईहून येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवा किंचित विरळ. इथे दीडशे यार्ड गेलेला बॉल चेंबूरला तीनेक यार्ड आधी पडेल. माझ्या यंत्रावरचे आकडे घरी जाऊन भिंतीवर लावू नका.

सरांनी शेवटी काय घेतलं, ते सांगायचं राहिलं. ठिपक्यांचा कागद घेऊन ते घरी गेले आणि आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा प्रश्न बदलला होता. सात नंबरचं ठरलं, पण नंतर मारून पाहिलेल्या चार आणि पाच नंबरचे ठिपके कागदावर बघून त्यांना ते दोन्ही क्लब एकाच जागी बॉल टाकताहेत असं दिसलं. हे त्यांच्या वेगाच्या बहुतेक खेळाडूंचं होतं. तेवढ्या कमी लॉफ्टवर बॉल हवेत टिकत नाही, मग चार नंबर आणि पाच नंबर नुसते बॅगेत ओझं वाढवतात. सर म्हणाले, "मग ते दोन घेऊच नयेत?" घेऊ नयेत. सहा नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत मधला सेट, सात नंबरला ३३ अंश, त्याखाली दोन वेज, आणि वर दोन हायब्रिड. कंपनीला सुटे क्लब द्यायला जिवावर येतं. पूर्ण सेट घ्या म्हणून आग्रह झाला. सरांनी सरकारी खात्यात आयुष्य काढलेलं, त्यांना चिकाटी कुणी शिकवायला नको होती. दोन महिने लागले, पण मिळाले. ज्या सुंदर, सडपातळ सेटवर त्यांचं मन होतं त्याचा एकच क्लब त्यांनी घेतला, मधल्या सेटच्या पिचिंग वेजऐवजी त्याची पिचिंग वेज. "हा मात्र असू द्या," म्हणाले. मी लॉफ्ट दीड अंश वाकवून तो बाकीच्यांच्या रांगेत बसवला.

त्यांचा जुना सेट मी एका कॅडी पोराला दिला. पुष्कळ मैदानांवर सोमवारी कॅडींना खेळू देतात. हा पोरगा तेवढ्या सोमवारांवर इतका तयार झालाय की माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना सहज हरवेल. इतके दिवस तो पाच नंबर एका कंपनीचा, सात दुसऱ्या, नऊ तिसऱ्याच कंपनीचा असे क्लब वापरत होता, आणि मी ते सगळे वाकवून प्रत्येकात चार-चार अंशांचं अंतर करून दिलं होतं. त्याला माझ्याकडून फुकट काही नको असतं. पैसे हप्त्याने देतो. सरांचा सेट मशीनवर मोजला तर सात नंबरचा लॉफ्ट वर्षानुवर्षं कडक जमिनीवर आपटून सैल झालेला, आठ नंबरच्या अगदी जवळ आलेला. सर इतकी वर्षं सात आणि आठ नंबरमध्ये यार्ड शोधत होते ते यामुळेच. मी तो परत जागेवर आणला.

पोराने सगळे क्लब मारून बघितले, खूश झाला. मग कोपऱ्यात ठेवलेल्या टेप मारलेल्या पोकळ सात नंबरकडे बोट करून म्हणाला, "दादा, तो सगळ्यात लांब जातो ना? तो कितीला?" मी आकडा सांगितला. त्याने तो मोबाइलमध्ये लिहून घेतला.